ऊन, थंडी आणि विजेच्या गाडीचं चार्जिंग

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. वक्ते मंडळाचे जुने सभासद असून भिलाई स्टील प्लांटच्या विद्युत विभागातून निवृत्त झाले आहेत. – संपादक)



दरवर्षी आपल्याकडे व्याख्यानाला बाहेरचे विद्वान पाहुणे येतात. यंदा कार्यकारिणीनं घरच्याच माणसाला उभं केलं आहे, तेव्हा अपेक्षा बेताच्याच ठेवा. आपले सचिव म्हणाले, "काका, तुमच्या विजेच्या गाडीवर बोला, लोक विचारत असतात." ते खरं आहे. सिव्हिक सेंटरला गेलो तरी कोणी ना कोणी थांबवून विचारतंच, "काय हो, आपल्या उन्हाळ्यात ही गाडी नीट चार्ज होते का?"

या प्रश्नाचं उत्तर 'होते' असं एका शब्दात देता येतं. पण ते अर्धंच उत्तर आहे. पूर्ण उत्तर मला माझ्या एका चुकीनं शिकवलं. म्हणून आधी ती चूक सांगतो, मग शास्त्र सांगतो, आणि शेवटी आपण काय करायचं ते सांगतो.

आपल्यापैकी बहुतेकांचं एक पाऊल भिलाईत आणि दुसरं नागपुरात असतं. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, आणि विदर्भातून माणसं इथे येत राहिली. सेक्टरच्या क्वार्टरमध्ये संसार झाले, मुलं शिकली. पण लग्नाची खरेदी, मोठं दुखणं, माहेर, श्राद्ध, सगळ्याला आपण नागपूर गाठतो. दुर्ग, राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा, हा रस्ता आपल्याला झोपेतही पाठ असतो. अंतर अडीचशे किलोमीटरच्या वर. माझी गाडी एका चार्जमध्ये प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास चालते. म्हणजे वाटेत एकदा चार्जिंग करणं आलंच.

मे २०२३ मधली गोष्ट. नवतपा सुरू व्हायचा होता, पण ऊन नवतपाचंच होतं. नागपूरला माझ्या थोरल्या ताईचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं, दुपारी चारला. तिनं फोनवर एवढंच सांगितलं होतं, "बापू, आत नेण्याआधी एकदा दिसून जा." आई गेल्यावर आम्हाला तिनंच वाढवलं. जाणं भागच होतं.

मी काय केलं पाहा. सकाळी घाईनं इथल्याच एका फास्ट चार्जरवर गाडी शंभर टक्के भरून घेतली. मग कुटुंबाला आणि मुलाला घेण्यासाठी घरी आलो, डबे-पिशव्या भरेपर्यंत गाडी उन्हातच उभी. साडेदहाला निघालो आणि उशीर नको म्हणून शंभर-एकशेदहाच्या वेगानं गाडी पळवली. सव्वा वाजता साकोलीच्या अलीकडे एका ढाब्यापाशी चार्जरवर थांबलो. बॅटरी २५ टक्क्यांवर आली होती. ८० टक्के झाली की निघायचं, पस्तीस-चाळीस मिनिटांचं काम, असा माझा हिशोब.

सुरुवातीला आकडा ३८ किलोवॅट दाखवत होता. दहा मिनिटांत तो १६ वर आला आणि तिथेच बसला. गाडीच्या पुढच्या भागातला पंखा विमानासारखा घोंघावत होता. मला वाटलं चार्जर बिघडला. मी प्लग काढला, परत लावला, पुन्हा काढला. त्यात आणखी दहा मिनिटं गेली. आकडा १६ च. बाहेर उभं राहवत नव्हतं, म्हणून घरची मंडळी गाडीत एसी लावून बसली होती. ढाब्यावर काम करणारा पोरगा जवळ आला आणि म्हणाला, "साहेब, दुपारी सगळ्यांचंच असं होते. सकाळी या, मग पाहा कशी धावते."

पस्तीस वर्षं मोटारी, ट्रान्सफॉर्मर आणि केबल सांभाळलेल्या माणसाला त्या पोरानं एका वाक्यात धडा दिला. मी मात्र तेव्हा मनातल्या मनात चार्जर बसवणाऱ्याला शिव्या देत होतो. तिथे सव्वा तासाच्या वर गेला. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. ताईला चार वाजून दहा मिनिटांनी आत नेलं होतं.

ऑपरेशन उत्तम झालं, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर आमच्या वहिनीवर्गाचा जीव टांगणीला लागेल. पण दुसऱ्या दिवशी डोळे उघडल्यावर ती पहिलं वाक्य बोलली, "काय रे बापू, कुठं राहिला होतास?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी आल्यावर मी वही काढली आणि हा विषय मुळापासून समजून घ्यायचं ठरवलं.

आता शास्त्र. घाबरू नका, आकडे थोडेच आहेत.

विजेच्या गाडीत लिथियम-आयन बॅटरी असते. तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्येही तीच. सोनी कंपनीनं ती १९९१ साली पहिल्यांदा बाजारात आणली, आणि तिचा पाया घालणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना, गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना, २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. तिचं काम समजायला आपला हा मंडपच पुरे. बॅटरीच्या एका बाजूला ग्रॅफाइट असतं. त्याचे थर एकावर एक असतात, जशा इथे खुर्च्यांच्या रांगा. चार्जिंग म्हणजे लिथियमचे कण दुसऱ्या बाजूनं येऊन या रांगांमध्ये जागा धरतात. गाडी चालवताना ते उठून परत जातात. बस, एवढंच.

आरतीनंतर कार्यक्रम सुरू होतो तेव्हा मंडप रिकामा असतो. लोक भराभर आत येतात, जागा मिळत जाते. मंडप भरत आला की उशिरा आलेल्याला कोपऱ्यातली खुर्ची शोधत, लोकांचे पाय चुकवत जावं लागतं. म्हणूनच ८० टक्क्यांनंतर कोणत्याही गाडीचं चार्जिंग मंद होतं. हे वर्षभर होतं. त्याचा उन्हाशी, थंडीशी संबंध नाही. पुष्कळ लोक इथेच गल्लत करतात, म्हणून हे आधी वेगळं काढून ठेवलं.

आता थंडी घ्या. थंडीत माणसं आखडलेली असतात, हळू चालतात. दारातून लोंढा आत ढकलला जातोय आणि आतली माणसं पुढे सरकत नाहीत, असं झालं तर काय होईल? दाराशीच गर्दी साचेल. बॅटरीत नेमकं तेच होतं. कणांना ग्रॅफाइटच्या आत शिरायला वेळ लागतो आणि जोर जास्त लावला तर ते बाहेरच, पृष्ठभागावर, लिथियम धातूचा थर होऊन बसतात. असा बसलेला सगळा धातू परत कामाला येत नाही. बॅटरीची क्षमता तेवढी कायमची कमी होते, आणि थर वाढत गेला तर आतल्या आत शॉर्टसर्किटचा धोका. म्हणून बॅटरी गार असली की गाडीतला नियंत्रक स्वतःच चार्जरला सांगतो, 'हळू दे.' शून्याच्या खाली तर बहुतेक बॅटऱ्यांना चार्जिंग जवळजवळ बंदच असतं, आधी बॅटरी कोमट करून घ्यावी लागते.

अमेरिकेतल्या आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेनं न्यूयॉर्कमधल्या निस्सान लीफ टॅक्सींच्या चार्जिंगच्या नोंदी तपासल्या आणि २०१८ साली निष्कर्ष मांडला. २५ अंश तापमानात अर्ध्या तासात जी बॅटरी ८० टक्के भरते, ती शून्य अंशाला तेवढ्याच वेळात ३६ टक्के कमी भरते. जानेवारी २०२४ मध्ये शिकागोत कडाक्याची थंडी पडली तेव्हा चार्जरपाशी गाड्यांच्या लांब रांगा लागल्या होत्या, ते चित्र आपण टीव्हीवर पाहिलं असेल. गंमत अशी की नॉर्वे त्याहून कमी थंड नाही, आणि तिथे २०२४ साली विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. थंडी दोन्हीकडे. नॉर्वेच्या लोकांना एवढ्या वर्षांत बॅटरी आधी कोमट करून मग चार्जरवर जायची सवय झाली आहे.

तुम्ही म्हणाल, आम्हाला शिकागोचं काय? आम्हाला उन्हाचं सांगा. सांगतो.

बॅटरीला उष्णता मुळातच वाईट असं नाही. थोडी ऊब तिला हवीच असते. घरातल्या वहिनींना हे मी सांगायला नको. विरजण लावताना काय होतं? थंडीत लागतच नाही, दुलईत गुंडाळून ठेवावं लागतं. उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबट ढोण होतं. मधल्या हवेत कवडी दही लागतं. बॅटरीचंही तसंच. साधारण २० ते ४० अंशांच्या दरम्यान तिचं चार्जिंग छान चालतं. पंचेचाळीस-पन्नासच्या पुढे बॅटरी गेली की आतली नको ती रासायनिक क्रिया वेगानं होऊ लागते. ग्रॅफाइटवर एक पातळ संरक्षक पापुद्रा असतो, तो जाड होत जातो आणि त्यात लिथियम अडकून पडतं. म्हणजे पुन्हा तेच, क्षमता कमी. आपल्या इलेक्ट्रिकल विभागातल्या मंडळींना ट्रान्सफॉर्मरचा नियम आठवत असेल. ठरावीक मर्यादेच्या वर तापमान सहा-दहा अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं. बॅटरीचा स्वभाव त्याच घराण्यातला आहे.

आता मुख्य मुद्दा. ही उष्णता येते कुठून? बाहेरच्या उन्हातून थोडी, पण फास्ट चार्जिंगमध्ये मोठा भाग बॅटरीच्या आतूनच तयार होतो. करंटचा वर्ग गुणिले रोध, हे सूत्र शाळेतलं आहे. समजा बॅटरी ३२० व्होल्टची आहे आणि तिचा आतला रोध एक दशांश ओहम आहे. फास्ट चार्जरनं १२० अँपिअर दिले तर शक्ती होते ३८ किलोवॅट, आणि आत तयार होणारी उष्णता १४४० वॅट. म्हणजे बॅटरीच्या पोटात दीड हजार वॅटचा हीटर लावल्यासारखं. करंट निम्मा केला, ६० अँपिअर, तर उष्णता निम्मी होत नाही, चौथाई होते, ३६० वॅट. आणि घरच्या १५ अँपिअरच्या पॉवर प्लगवर रात्रभर लावली, तर बॅटरीत जेमतेम १० अँपिअर जातात आणि उष्णता होते फक्त १० वॅट. शून्याच्या बल्बाएवढी. म्हणून घरच्या संथ चार्जिंगला ऊन फारसं बाधत नाही. बाधतं ते घाईला.

ही आतली उष्णता बाहेर टाकायची तर बाहेर थोडा तरी गारवा हवा. बऱ्याच नव्या गाड्यांत बॅटरीभोवती द्रव फिरवतात आणि तो द्रव गाडीच्या एसीच्या यंत्रणेनं गार करतात. बाहेर ४५ अंश असले की ही यंत्रणा धापा टाकते, जसा आपला घरचा एसी मे महिन्यात टाकतो. ती चालवायलाही वीज लागते, आणि चार्जरमधून आलेल्या विजेतला काही वाटा तिकडे जातो. शिवाय कॉम्प्रेसर एकच. माझी मंडळी आत एसी लावून बसली होती, म्हणजे एका गाईचं दूध दोन घरांत वाटलं जात होतं. बॅटरीच्या वाट्याला गारवा कमी, म्हणून नियंत्रकानं करंट उतरवला. पंखा घोंघावत होता तो त्याचसाठी.

पण माझी मोठी चूक त्याच्याही आधीची होती. मी बाहेरच्या तापमानाचाच विचार केला. बॅटरी अडीचशे-तीनशे किलो वजनाची वस्तू. ती लवकर तापत नाही आणि तापली की लवकर निवत नाही. आपल्या क्वार्टरचं छत आठवा. ऊन सहाला जातं, पण छत रात्री दहा-अकरापर्यंत आग ओकत असतं. सोकिंग पिटवर काम केलेल्यांना तर हे सांगायलाच नको, वरचं कवच आणि पोट यांचं तापमान एक व्हायला किती तास जातात ते. मी सकाळी फास्ट चार्जिंग करून बॅटरी तापवली, उन्हात उभी करून तिला निवू दिलं नाही, मग वेगानं पळवून आणखी तापवली, आणि वर लगेच पुन्हा फास्ट चार्जर लावला. चार्जरपाशी पोचेपर्यंत माझ्या घाईनं तिला ताप चढलेलाच होता. चार्जरचा वेग बाहेरचा थर्मामीटर ठरवत नाही आणि चार्जरवरची पाटीही ठरवत नाही. तो बॅटरीच्या स्वतःच्या तापमानावर ठरतो. पाटीवर ५० किंवा ६० किलोवॅट लिहिलेलं असतं तो जास्तीत जास्तचा आकडा आहे. बॅटरीला सोसेल तेवढंच ती घेते.

हे द्रव फिरवण्याचं महत्त्व किती, ते त्याच निस्सान लीफनं जगाला दाखवलं. २०१० च्या अखेरीस ती आली. तिच्या बॅटरीला अशी गार करणारी यंत्रणा नव्हती. २०१२ साली अमेरिकेच्या ॲरिझोनातून, म्हणजे आपल्यासारख्याच तापणाऱ्या मुलखातून, बॅटरी लवकर उतरत असल्याच्या तक्रारी आल्या. २०१८ साली तिची नवी आवृत्ती आली तेव्हा लांबच्या प्रवासात पहिलं फास्ट चार्जिंग ठीक व्हायचं, पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी वेग फार पडायचा. आपल्याकडे २००१ साली बंगळूरची रेवा आली तेव्हा तिच्यात लेड-ॲसिड बॅटऱ्या होत्या, फास्ट चार्जिंगचा प्रश्नच नव्हता. जानेवारी २०२० मध्ये टाटांची पुण्याजवळ तयार होणारी नेक्सॉन ईव्ही ३०.२ युनिटच्या बॅटरीसह आली, तेव्हा मात्र बॅटरीला द्रवानं गार करण्याची सोय सुरुवातीपासून दिलेली होती. आपल्या देशातल्या बऱ्याच गाड्यांत आता लोह-फॉस्फेटची, म्हणजे एलएफपी बॅटरी असते. ती उन्हाला तुलनेनं दणकट आणि आग लागण्याच्या बाबतीत सुरक्षित, पण थंडीत जरा जास्त आखडणारी. गाडी घेताना मायलेजसोबत 'बॅटरी गार कशी करता?' हा प्रश्न शोरूममध्ये अवश्य विचारा.

बॅटरीखेरीज उन्हाचा दुसरा परिणाम खुद्द चार्जरवर होतो. त्या कपाटात एसी वीज डीसी करणारी मोड्यूल असतात आणि त्यांना गार ठेवणारे पंखे. ठरावीक तापमानाच्या वर ती मोड्यूलही स्वतःला वाचवण्यासाठी शक्ती कमी करतात. उघड्यावर पश्चिमेचं ऊन खात उभा असलेला चार्जर आणि शेडखालचा चार्जर यांत फरक पडतो. त्यात जाळ्या धुळीनं बुजलेल्या असतील तर विचारूच नका. आपण प्लांटमध्ये पॅनेलचे फिल्टर साफ करण्यासाठी जे वेळापत्रक पाळत होतो, तेच रस्त्यावरच्या या यंत्रांनाही हवं.

नागपूरकरांना आठवत असेल, २६ मे २०१७ रोजी, म्हणजे ऐन नवतपात, नागपुरात ओलानं विजेच्या टॅक्सींचा प्रयोग सुरू केला. महिंद्राच्या ई-टू-ओ प्लस गाड्या होत्या, ई-रिक्षा होत्या, चार्जिंगची केंद्रं होती. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी उद्घाटनाला होते. पुढच्या वर्षी बातम्या आल्या त्या चार्जिंग केंद्रांवर तासन्‌तास ताटकळणाऱ्या चालकांच्या. टॅक्सीवाल्याचं पोट चाकावर असतं. गाडी उभी म्हणजे कमाई उभी. केंद्रं कमी होती हे कारण होतंच. पण आपल्या भागातल्या योजना आखणाऱ्यांनी एक साधा हिशोब लक्षात ठेवायला हवा. एका गाडीला चाळीस मिनिटांऐवजी ऐंशी लागली, तर दहा तासांत त्या चार्जरवर पंधराऐवजी सातच गाड्या होतील. उन्हाळ्यात वेग निम्मा झाला की रांग आपोआप दुप्पट होते. चार्जर किती लावायचे हे डिसेंबरच्या हवेवरून न ठरवता मे महिन्याच्या दुपारवरून ठरवलं पाहिजे, आणि प्रत्येक चार्जरच्या डोक्यावर छप्पर पाहिजे. छपराचा खर्च चार्जरच्या मानानं चिल्लर आहे.

आता आपण काय करायचं? माझ्या वहीत आता दोन उन्हाळे आणि दोन हिवाळे आहेत. त्यातून निघालेल्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, उन्हाळ्यात लांब जायचं असेल तर आदल्या रात्री घरीच संथ चार्जिंग करा आणि पहाटे निघा. रात्री गाडी आली की लगेच लावू नका. तिला दोन-तीन तास निवू द्या. घरच्या प्लगचं वायरिंग आणि अर्थिंग जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. जुन्या क्वार्टरमधल्या ढिल्या सॉकेटवर आठ तास १५ अँपिअर घेणं धोक्याचं आहे. प्लग हाताला चटका देत असेल तर तिथेच थांबा.

दुसरी, चार्जरवर पोचण्याआधीचा शेवटचा अर्धा-पाऊण तास वेग ऐंशीच्या आसपास ठेवा. बॅटरी निवत जाते, आणि रस्त्यावर गमावलेली दहा मिनिटं चार्जरवर व्याजासकट परत मिळतात.

तिसरी, चार्जर लावल्यावर जमेल तर गाडीतून उतरून सावलीत बसा, एसी बंद करा. पण लहान मूल, म्हातारं माणूस किंवा आजारी सोबत असेल तर एसी चालू राहू द्या, चार्जिंगला वेळ लागला तर लागू द्या. गाडीपेक्षा माणूस मोठा.

चौथी, ८० टक्क्यांना प्लग काढा आणि निघा. शेवटच्या वीस टक्क्यांसाठी तापत बसण्यात हशील नाही, आणि मागे कोणी उभा असेल तर तेवढंच पुण्य.

पाचवी हिवाळ्याची, आणि ती अगदी उलटी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पहाटे पाच वाजता मी रात्रभर बाहेर राहिलेली गाडी थेट फास्ट चार्जरला लावली. अंगावर शाल होती, चार्जरवर आकडा १८. त्याच दिवशी दोन तास गाडी चालवून मग लावली तर आकडा ४० वर. म्हणून थंडीत आधी चाला, मग चार्ज करा. मुक्कामाला पोचल्या-पोचल्या, बॅटरी कोमट असतानाच लावा. ज्यांच्या गाडीत बॅटरी आधी तयार करण्याची सोय आहे त्यांनी ती वापरावी.

सहावी, आकडा पडला म्हणून प्लग काढून-घालून पाहू नका. बॅटरीवर किंवा चार्जरवर पाणी ओतू नका. हसू नका, मी एका सद्गृहस्थांना बादली घेऊन येताना पाहिलं आहे. गाडी हळू घेते आहे म्हणजे ती बिघडली असं नाही. ती स्वतःला सांभाळते आहे, आणि तुमचे पैसेही सांभाळते आहे.

आणि शेवटची. काम तातडीचं असेल, वेळ गाठायचीच असेल आणि बाहेर ४५ अंश असतील, तर हिशोबात एक तास जास्तीचा धरा. तेवढा वेळ नसेल तर सरळ रेल्वेनं जा. हे विजेच्या गाडीचा भक्त असूनही मी सांगतो आहे, कारण मी ते सोसलं आहे.

मित्रहो, आपण सगळे लोखंड वितळवणाऱ्या गावात राहिलो. उष्णतेशी आपली ओळख जुनी. भट्टीला कधी घाई चालत नाही, हे आपल्याला नोकरीच्या पहिल्या वर्षात शिकवलं गेलं. कारखान्यात पाळलेली ही शिस्त मी स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मात्र विसरलो.

गेल्या एप्रिलमध्ये मी पुन्हा नागपूरला गेलो. रात्री घरी चार्ज केलेली गाडी, पहाटे पाचला प्रस्थान, वेग ऐंशी-पंच्याऐंशी. पावणेआठला त्याच ढाब्यावर. आकडा चाळीसवर चढला आणि तिथेच टिकला. पोहे खाऊन, चहा पिऊन होईपर्यंत अडतीस मिनिटांत गाडी तयार. तो पोरगा आता तिथला कॅशियर झाला आहे. त्यानं मला ओळखलं आणि म्हणाला, "पाहा साहेब, म्हटलं होतं ना!" मी त्याला हात जोडले.

साडेदहाच्या आत ताईच्या दारात होतो. ती व्हरांड्यात माळेचे मणी ओढत बसली होती. चष्म्यावरून बघत म्हणाली, "आज बरा वेळेवर आलास."

मला एवढंच बोलायचं होतं. कोणाला गाडी घ्यायची असेल तर माझी वही पाहायला घरी या, चहा आमच्याकडे.

गणपती बाप्पा मोरया!